तालुकानचे मलिक, मुक्काम आर्नहेम

हरिहरराव पारसनीस यांना एक खोड होती. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते त्यातला एक शब्द चिमटीत पकडायचे आणि म्हणायचे, "हा फारसी!" कुणी म्हणालं दरवाजा लावा, की दरवाजा फारसी. बाजारात गर्दी होती, तर बाजार फारसी, गर्दीचं बघून सांगतो. एका मित्राचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे आर्नहेमच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी अर्धा तास बसले आणि 'आजार' आणि 'दवाखाना' हे दोन्ही शब्द कुठून आले ते त्याला सांगून आले. मित्र दुसऱ्याच दिवशी घरी गेला. डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडलं.

यात त्यांचा दोष अर्धाच. बाकीचा अर्धा आडनावाचा. पारसनीस म्हणजे फारसीनवीस, दरबारात फारसी पत्रं लिहिणारा. घराण्यात शेवटचं फारसी पत्र कुणी लिहिलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा पोस्टात होते, वडील वीज मंडळात, आणि स्वतः हरिहरराव विजेच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहीत आणि कंत्राटं वाचत आले होते. पण रक्तात आहे म्हणजे आहे, त्याला काय करणार?

दोन हजार तीन साली ते बायको शामला आणि पाच वर्षांची अस्मिता यांना घेऊन पुण्याहून आर्नहेमला आले. एका वीज कंपनीत एकवीस वर्षं मान खाली घालून काम केलं. मग कंपनीने 'पुनर्रचना' केली आणि एक केक, एक फुलांचा गुच्छ आणि सायकलला अडकवायची एक पिशवी देऊन त्यांना घरी पाठवलं. एकसष्टाव्या वर्षी माणूस सकाळी साडेसातला उठून करणार काय? हरिहररावांनी दाढी वाढवली. दाढीला काम लागत नाही, ती आपली आपण वाढते. सहा महिन्यांत ती छातीपर्यंत आली, पांढरीशुभ्र, आणि शेजारच्या डच आजी त्यांना जरा वाकून नमस्कार करायला लागल्या.

शामलाताई वाचनालयात अर्धा दिवस काम करायच्या. तिथल्याच फळ्यावर हरिहररावांना ती चिठ्ठी दिसली. अफगाणिस्तानात कामाला जाणाऱ्या लोकांसाठी एक संस्था कोर्स घेत होती. कुणी विहिरी खोदणारे, कुणी डॉक्टर, कुणी शेतीवाले. तिकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी पाहुण्याने अदबीने कसं वागावं, हे शिकवायला त्यांनी एक अख्खं गाव उभं केलं होतं आणि त्या गावात राहायला माणसं हवी होती. वय पंचावन्नच्या पुढे, दाढी असल्यास प्राधान्य.

गाव होतं शहराच्या उत्तरेला, जंगलात, एका बंद पडलेल्या सुट्टीच्या पार्कात. सुट्टीच्या बंगल्यांना मातकट रंग दिला होता. लहान मुलांच्या घसरगुंडीवर तपकिरी कापड टाकून डोंगर केला होता. पॅनकेकच्या हॉटेलात गालिचे अंथरून मेहमानखाना सजवला होता, पण भिंतीवरचा पॅनकेक उडवणारा लाकडी आचारी स्क्रू गंजल्यामुळे निघाला नव्हता, म्हणून त्याला मुंडासं बांधलं होतं. वेशीवर पाटी होती: तालुकान.

"तालुकान!" हरिहरराव पाटीखाली उभे राहून म्हणाले. "म्हणजे तालुक्याचं ठिकाण. मग तहसीलदार कुठे बसतात?"

कोर्सची प्रमुख विलेमीन नावाची बाई होती. सहा फूट उंच, गळ्यात शिट्टी, हातात वेळापत्रक. तिने सांगितलं की तालुकान हे खरंच अफगाणिस्तानातलं शहर आहे, तालुक्याशी त्याचा काही संबंध नाही. हरिहरराव नुसते हसले. तिला बिचारीला काय कळणार?

"तुम्हाला दारी येते का?" तिने विचारलं. दारी म्हणजे तिकडची फारसी.

"आमच्या सात पिढ्यांच्या दारी आहे ती," हरिहरराव म्हणाले. हा विनोद डचमध्ये बसेना, म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचा अर्थ सांगितला. विलेमीनने दाढी पाहिली, नाक पाहिलं, आणि कागदावर लिहिलं: मलिक. गावचा प्रमुख.

त्याच दिवशी त्याच कामासाठी आणखी एक माणूस आला होता. त्याचं नाव नझर मोहम्मद. वय पन्नास, आर्नहेममध्ये तारेवरची ट्रॉलीबस चालवायचा, गुरुवारी सुट्टी. नझर खुद्द तालुकानचा. तिथेच जन्मला, तिथेच शाळेत गेला, आणि सव्वीस वर्षांपूर्वी तिथून निघाला तो परत गेला नव्हता. पण त्याचे डोळे हिरवे, केस तांबूस आणि हनुवटी गुळगुळीत. विलेमीन म्हणाली, पाहुण्यांना हा अफगाण वाटणार नाही. तिने त्याला डच इंजिनिअरचं काम दिलं. पुढे कुणीतरी तिच्या लक्षात आणून दिलं की याला भाषा येते, तेव्हा त्याला दुभाषा केलं.

नझरला याचा राग आला नाही. त्याला हसू आलं, आणि ते पुढे कित्येक महिने ओसरलं नाही. "तालुकानात मलिक नसतोच," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "आमच्याकडे अरबाब म्हणतात."

"फाइलीत मलिक आहे," विलेमीन म्हणाली, आणि विषय संपला.

मलिकच्या तोंडी काय भाषा घालायची, हा प्रश्न हरिहररावांना पडलाच नाही. जुन्या कागदपत्रांतली, तहसील कचेरीतली मराठी त्यांनी बाहेर काढली आणि क्रियापदं शक्य तितकी गिळून टाकली. पहिला पाहुणा आला, विहिरी खोदणारा एक लालबुंद तरुण. हरिहररावांनी हात वर केला आणि गरजले, "मेहेरबान! सदरहू मेहमान हजर! दस्तऐवज रुजू! मुक्काम किती रोज?"

नझरने गंभीर चेहऱ्याने डचमध्ये भाषांतर केलं, "मलिक म्हणतात, तुमचं येणं आमच्या डोळ्यांवर." नंतर तो हरिहररावांना बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला. त्याचं हिंदी सिनेमांतून आलेलं होतं. "हरीसाहब, ये फारसी नहीं है."

"शब्द तर तुमचेच आहेत!"

"शब्द हमारे हैं. मगर आप बोलते हैं तो लगता है मेरे परदादा के ज़माने की लगान की नोटिस उठकर चलने लगी."

हरिहररावांना ही दाद वाटली. अडचण आली ती जेवणाच्या वेळी. पुलाव खरोखर छान झाला होता, आणि हरिहरराव दोन्ही हात पसरून सगळ्या पंगतीकडे बघत म्हणाले, "मस्त! मस्त!" नझरला ठसका लागला. फारसीत मस्त म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. गावच्या वडीलधाऱ्याने आपल्याच घरात, आपल्याच पाहुण्यांना दोनदा पिऊन तर्र ठरवलं होतं. नझरने पाण्याचा घोट घेतला आणि भाषांतर केलं, "मलिक म्हणतात, अजून वाढून घ्या."

मग गालिच्याची भानगड झाली. कोर्सच्या पुस्तकात नियम होता की यजमानाच्या घरातल्या वस्तूची फार स्तुती करू नये, नाहीतर तो ती देऊन टाकतो. एका डॉक्टरीणबाईंनी गालिच्याची स्तुती केली. हरिहररावांनी नियम पाळला. गालिचा गुंडाळून बाईंच्या गाडीत ठेवला आणि त्या तो घेऊन झ्वोलेला निघूनही गेल्या. तो विलेमीनच्या आईचा होता.

एवढं होऊनही हरिहररावांना कुणी काढलं नाही, कारण सगळ्या कोर्समध्ये पाहुण्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती मलिकची. आणि खरं सांगायचं तर हरिहरराव कोर्सच्या त्या गुरुवारांवर जगत होते. एकवीस वर्षं ज्यांनी मीटिंगमध्ये हात वर करून बोलायची परवानगी मागितली, त्यांच्यासमोर आता उंच उंच डच माणसं बूट काढून, छातीवर हात ठेवून, मांडी घालायची खटपट करत बसायची. घरी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की भाषेचं काम आहे. कपड्यांना वेलदोड्याचा वास यायचा. शामलाताई म्हणाल्या, "अहो, या वयात तुम्हाला कुणी वेलदोड्याचा चहा करून पाजत असेल, तर तिला माझा नमस्कार सांगा. आणि दोन कपांच्या वर देऊ नकोस म्हणावं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

डॉक्टरांनी प्रोस्टेटबद्दल सांगितलं होतं. दर चाळीस मिनिटांनी हरिहरराव उठायचे. मलिकच्या भूमिकेत ते तासाभरात मोकळे व्हायचे आणि चहा बेतानेच घ्यायचे, म्हणून निभत होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी अस्मिता वाखनिंगनहून सायकलवर जेवायला आली. अस्मिता आता सत्तावीस वर्षांची, तिथल्या एका बियाण्यांच्या संस्थेत काम करायची. जेवणाच्या टेबलावर या घरात रिवाज असा की आईबाबांनी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं आणि चिडाचिड इंग्रजीत करायची. पोळीचा तुकडा मोडत ती डचमध्ये म्हणाली की जुलैमध्ये ती चार आठवडे अफगाणिस्तानात जाते आहे. तिकडच्या खरबुजांच्या जुन्या जाती नाहीशा होताहेत, त्यांचं बी गोळा करायचं. शहराचं नाव तालुकान.

हरिहररावांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"फक्त एक कोर्स पास व्हायचा आहे," अस्मिता म्हणाली. "इथेच जवळ आहे कुठेतरी जंगलात. तो नाही झाला तर विमा नाही, आणि विमा नाही तर जाणं नाही. पुढचा कोर्स थेट सप्टेंबरमध्ये. तोवर खरबुजं संपलेली असतील."

हरिहरराव भडकले. एकटी मुलगी, तसला देश, तसले दिवस! खरबूज काय आल्बर्ट हाइनच्या दुकानात मिळत नाही? अस्मिताने सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "बाबा, तू पाच वर्षांची मुलगी आणि दोन बॅगा घेऊन इथे आलास. तेव्हा आजोबांना विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं. तिकीट काढून मग सांगितलं होतं. हरिहररावांनी पोळी संपवली आणि ते उठून गेले. कोर्समध्ये शेवटची, सगळ्यात अवघड परीक्षा मलिकच्या मेहमानखान्यात असते हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मलिक कोण, हे तर नाहीच नाही. बायकोलाही नाही. माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याच्या हातात आयती दोरी आली की तो ती जरा ओढून बघतोच.

मे महिन्यात पाहुण्यांची यादी आली. विलेमीनने नाव वाचलं आणि विचारलं, "पारसनीस? तुमच्यापैकी कुणी?"

"तुमच्याकडे डे फ्रीस आडनावाचे किती आहेत?" हरिहररावांनी उलट विचारलं. तिने यादी मिटली.

परीक्षेचा क्रम असा होता: दोन दहाला आगमन, सव्वादोनला कुशल, अडीचला चहा, दोन पन्नासला पाहुण्याने निघायची परवानगी मागायची. तिकडची रीत अशी की पाहुण्याने 'इजाझा अस्त?' म्हणून रजा मागावी, यजमानाने 'बिशीनेन', म्हणजे बसा हो, म्हणून आग्रह करावा. असं होता होता यजमान राजी झाला की उठावं. परवानगीशिवाय जो उठला तो नापास. मलिकने किती वेळा अडवायचं? पुस्तकात लिहिलं होतं, किमान दोनदा.

किमान! कंत्राटं वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या नजरेतून हा शब्द कसा सुटेल? कमाल किती, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. हरिहररावांनी ठरवलं, काही वाईट बोलायचं नाही, खोटे गुण द्यायचे नाहीत. फक्त रजा द्यायची नाही. पोरगी कंटाळेल आणि उठेल. लहानपणापासून तिला एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी अस्मिता मेहमानखान्याच्या दारात आली. डोक्यावरून ओढणी, लांब बाह्यांचा सैल कुडता. तिने बूट काढले आणि जोडीने भिंतीला लावून ठेवले. घरी तिचे बूट एक दारात आणि एक जिन्यावर असायचे. मग तिने मान वर केली आणि मुंडाशातल्या बापाला पाहिलं.

क्षणभर वाटलं, आता ती ओरडणार. कोपऱ्यात गुण द्यायला विलेमीन बसली होती, तिच्या गळ्यात पाटी होती: मी इथे नाही. अस्मिताने तिच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि मान लववून म्हणाली, "सलाम अलैकुम. मानदा नबाशी." मानदा नबाशी म्हणजे, तुम्ही कधी थकू नका.

मग ती खाली, दाराच्या बाजूला बसली आणि नझरकडे वळून डचमध्ये म्हणाली, "मलिकसाहेबांना विचारा, त्यांची तब्येत कशी आहे. झोप लागते का. घरची सगळी बरी आहेत ना."

हा कुशलाचा रिवाज पुस्तकातला होता आणि प्रत्येक पाहुणा तो पाठ म्हणायचा. पण हरिहररावांना भरून आलं. गेल्या वर्षात पोटच्या पोरीने हे विचारलं नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं, आणि कचेरीची मराठी बाजूला राहून सरळ घरची मराठी बाहेर आली. "झोप कुठली? तीन वाजता जाग येते ती येते. डावा गुडघा धरलाय जानेवारीपासून. जिना उतरताना कळ येते. कुणाला सांगणार?"

नझरने भाषांतर केलं, "मलिक म्हणतात, देवाच्या कृपेने सगळं उत्तम."

"गुडघा कधीपासून दुखतो विचारा," अस्मिता म्हणाली.

"कसला गुडघा?" नझर चक्रावला. "गुडघ्याचं ते काही बोलले नाहीत."

कोपऱ्यात विलेमीनने कौतुकाने लिहिलं: देहबोलीचं उत्तम निरीक्षण.

आता खोलीत काय अवस्था होती बघा. बापाला डच कळत होतं, पण मलिकला कळायला परवानगी नव्हती. मुलीला मराठी कळत होती, पण पाहुणीला कळायला परवानगी नव्हती. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द समजत होता आणि मधे बसलेल्या दुभाष्याला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. पारसनिसांच्या घरी वीस वर्षं हेच चाललं होतं म्हणा, फक्त दुभाषा नव्हता.

दोन पन्नासला अस्मिता म्हणाली, "इजाझा अस्त?"

"बिशीनेन," मलिक म्हणाले. चहा आला.

तीन वाजता तिने पुन्हा विचारलं. बिशीनेन. तीन दहाला तिसऱ्यांदा. विलेमीनने पेन सरसावलं, कारण इथे मलिक दरवेळी राजी व्हायचे. मलिक म्हणाले, "बिशीनेन." नझरने त्यांच्याकडे वळून पाहिलं. चौथ्यांदा, बिशीनेन. पाचव्यांदा, बिशीनेन आणि बदाम. बाहेर पुढचे चार पाहुणे घसरगुंडीच्या डोंगरापाशी रांगेत उभे होते आणि घड्याळं बघत होते. डच माणसाचं वेळापत्रक वीस मिनिटांनी चुकलं की त्याचा घसा कोरडा पडतो. पण विलेमीन 'इथे नव्हती', त्यामुळे तिला बोलता येईना.

अस्मिता उठली नाही. कंटाळलीही नाही. उलट तिने किटली स्वतःच्या हातात घेतली, धाकट्याने वाढायचं असतं म्हणून, आणि बापाचा पेला काठोकाठ भरला. मग पुन्हा भरला. सहावा पेला झाल्यावर हरिहररावांच्या ध्यानात आलं की पोरगी काय करते आहे. पाहुणी उठल्याशिवाय यजमानाने उठायचं नाही, हाही नियम पुस्तकातच होता. तीन पंचवीस झाले होते. त्यांना मांडी बदलावी लागली. ती पाहत होती. तिला चाळीस मिनिटांचा नेम माहीत होता. सहलीला जाताना त्यांच्यासाठी गाडी किती वेळा थांबली होती!

"मलिकसाहेबांना विचारा," ती अदबीने म्हणाली, "अजून चहा घेणार का."

"लड़की उस्ताद है," नझर हिंदीत पुटपुटला.

हरिहररावांनी पेला पालथा घातला. पालथा पेला म्हणजे पुरे. घाम फुटला होता. पण रजा द्यायला तोंड उघडेना. ते गालिच्याकडे बघत बोलायला लागले. फारसी नाही, कचेरीची मराठी नाही, काही नाही.

"तुला काय कळतंय गं? तिथे तुला ताप आला तर कुणाला हाक मारशील? फोन लागला नाही तर मी कुणाला विचारू? इथे तू सतरा किलोमीटरवर राहतेस, तरी रविवारी सायकलची घंटा वाजली नाही तर मी खिडकीत उभा असतो. तुझ्या आईला विचार. नोकरी गेली तेव्हा मला इतकं वाटलं नाही. तू नाही म्हणालेली मला सोसतं. तू नसलेली नाही सोसायची."

अस्मिता खाली मान घालून बसली होती. पण नियम नियम असतो, पाहुणीला भाषांतर हवं. विलेमीनने नझरकडे पाहिलं. नझरने घसा खाकरला. एवढ्या लांब बोलण्यातला एक 'खिडकी' सोडून त्याला काही कळलं नव्हतं, आणि तोही शब्द सिनेमातला.

"मलिक म्हणतात," नझर डचमध्ये म्हणाला, "गरम कपडे घेऊन जा." मग जरा थांबून, विलेमीनकडे न बघता तो म्हणाला, "मी तालुकानहून निघालो तेव्हा माझे वडील असंच पुष्कळ वेळ बोलत होते. मला गाडी पकडायची घाई होती. एवढंच ऐकलं, गरम कपडे घेऊन जा. आणि जुलै महिना होता."

अस्मिताला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तिने ओढणीने नाक पुसलं. मग बापाकडे सरळ बघत ती बोलली, मराठीत. अडखळत, लिंगवचनं चुकवत, आणि जन्मात पहिल्यांदा 'तू'च्या जागी 'तुम्ही' म्हणत.

"तुम्ही ऐका. मला पण भीती वाटते. खूप भीती वाटते. पण मला जायचं आहे. ते बी गेला तर परत नाही येणार. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही उठणार. हा खेळ नाही. खरंच नाही उठणार मी. इथेच बसते."

त्या 'तुम्ही'ने हरिहररावांच्या काळजात कळ आली. आयुष्यभर त्यांना वाटायचं, पोरीने एकदा तरी मान देऊन बोलावं. दिला तेव्हा कळलं की मान देणारं माणूस आता किती मोठं झालेलं असतं. आणि आता दोरी खरोखरच त्यांच्या हातात होती. ते नाही म्हणाले असते तर ती बसली असती. या घरात खोटी धमकी द्यायची ती एकटे तेच द्यायचे.

कोपऱ्यात विलेमीन आनंदाने थरथरत होती. गेल्या चार वर्षांत कुठल्याही पाहुण्याने गावच्या प्रमुखाशी त्याच्याच भाषेत इतकं सविस्तर संभाषण केलं नव्हतं. तिने कागदावर लिहिलं: दारी, अस्खलित. दहापैकी दहा. नझरने ते वाचलं आणि तो छताकडे बघायला लागला. सांगितलं मात्र नाही काही.

मग विलेमीन रांगत पुढे आली, कारण ती इथे नव्हती, आणि मूल्यांकनाचा कागद हळूच मलिकपुढे सरकवून पुन्हा कोपऱ्यात गेली. शेवटचा प्रश्न डचमध्ये होता: मलिकने या पाहुणीला रजा दिली का? खाली दोन चौकटी. एक होयची, एक नाहीची.

हरिहररावांनी पेन उचललं. पुढे कुणी म्हणेल की लघवीची घाई होती म्हणून त्यांनी निकाल दिला. म्हणोत बापडे. घाई होतीच, पण ते त्या कागदावर पुरतं एक मिनिट वाकून बसले होते, आणि सहा पेले चहा पोटात असताना एक मिनिट ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

डच लोक होयसाठी दोनच अक्षरं लिहितात, एक जे आणि एक ए. हरिहररावांनी ती बावीस वर्षांत हजारो फॉर्मवर पाहिली होती आणि हजारो वेळा तिथे खूण केली होती. आज पहिल्यांदा त्यांना दिसलं की चौकटीपुढे सरळ सरळ लिहिलंय: जा. त्यांचा हात थबकला. खूण कशी करणार? आपल्या हाताने मुलीला 'जा' कसं लिहून देणार?

मग त्यांना आठवलं की हे लोक लिहितात तसं वाचत नाहीत.

त्यांनी त्या चौकटीत ठळक खूण केली, मुंडासं सारखं केलं, आणि मुलीकडे बघत तो शब्द मोठ्यांदा, अगदी अचूक डच उच्चारात वाचला.

"या," ते म्हणाले.

अस्मिता उठली.